कळा सुरू असताना बाळाच्या मेंदूवर लक्ष ठेवता येतं का? प्रसूतीतलं ईईजी, सोप्या भाषेत



हातातलं स्मार्टवॉच आज आपले ठोके मोजतं, रक्तातला ऑक्सिजन दाखवतं, रात्री किती वेळ गाढ झोप लागली तेही सांगतं. मग बाळ जन्माला येत असताना, त्या नाजूक तासांत, लेबर रूममध्ये त्याचं नेमकं काय मोजलं जातं?

उत्तर सोपं आहे: हृदयाचे ठोके. घरात कुणाची डिलिव्हरी झाली असेल तर तुम्ही ते मशीन पाहिलं असेल. पोटावर दोन पट्टे, बाजूला एक डबा, त्यातून घोडा दौडल्यासारखा टपटप आवाज आणि हळूहळू बाहेर येणारी आलेखाची कागदी पट्टी.

पण गंमत अशी की डॉक्टरांना खरी काळजी बाळाच्या मेंदूची असते. आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "जन्मल्यावर लगेच रडलं नाही हो." त्या वाक्यामागची भीती मेंदूचीच असते. ऑक्सिजन कमी पडला आणि मेंदूला इजा झाली, तर ती आयुष्यभर सोबत राहू शकते. मग ठोक्यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा थेट मेंदूचेच सिग्नल का मोजत नाहीत?

हा प्रश्न मला पडला आणि मी वाचायला बसलो. कळलं असं की ही कल्पना ८० वर्षांहून जुनी आहे. प्रयोग झाले, सिग्नल मिळाले, संगणकावर विश्लेषणही झालं. तरीही आज रोजच्या डिलिव्हरीत हे यंत्र वापरलं जात नाही. असं का, ते आज बघू.

आधी हे समजून घ्या: कळ येते तेव्हा बाळाचं काय होतं?

पोटात बाळ स्वतःच्या फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन मिळतो तो वारेतून आणि नाळेतून. आईचं रक्त वारेपर्यंत येतं, तिथे ऑक्सिजन बाळाच्या रक्तात जातो आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो.

कळ आली की गर्भपिशवीचा स्नायू आवळला जातो. त्यामुळे वारेकडे येणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. कधी कधी नाळही दाबली जाते. कळ ओसरली की पुरवठा पुन्हा सुरू. म्हणजे प्रत्येक कळेत बाळाला थोडा वेळ श्वास रोखून धरल्यासारखं होतं. निरोगी बाळ यासाठी तयार असतं. दोन कळांच्या मधल्या वेळात ते पुन्हा सावरतं.

अडचण येते ती कळा फार जवळजवळ येऊ लागल्या, नाळ वारंवार दाबली गेली किंवा वार आधीच अशक्त असेल तेव्हा. मग सावरायला वेळ पुरत नाही, ऑक्सिजन कमी पडतो आणि रक्तात आम्ल साठू लागतं. हे आम्ल पीएच या आकड्यात मोजतात. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. जन्माच्या वेळी निरोगी बाळाच्या नाळेतल्या रक्ताचा पीएच साधारण ७.२ ते ७.३ च्या आसपास असतो. तो ७.० च्या खाली गेला तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो.

७.३ आणि ७.० यांत फारसा फरक दिसत नाही ना? पण पीएचची पट्टी सरळ मोजपट्टीसारखी नसते. तिच्यावर ०.३ ची घट म्हणजे आम्ल जवळपास दुप्पट.

हा आकडा कळा सुरू असताना थेट मोजायची एक पद्धत आहे. बर्लिनचे डॉक्टर एरिक झालिंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आणली. बाळाच्या डोक्याच्या त्वचेला बारीकसं टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि तपासायचा. पण हा झाला स्क्रीनशॉट. पुढच्या २० मिनिटांत काय होणार हे कळण्यासाठी पुन्हा टोचावं लागतं. आपल्याला हवा असतो लाइव्ह व्हिडिओ.

सध्याचं मशीन: सीटीजी

ठोके ऐकण्याची पद्धत तशी फार जुनी. फ्रेंच डॉक्टर अडॉल्फ पिनार यांनी १८९५ साली बनवलेला तुतारीसारखा छोटा भोंगा आजही काही ठिकाणी वापरतात. एक टोक पोटावर, दुसरं कानाला.

यंत्राने सतत ठोके टिपायचं काम १९५० आणि ६० च्या दशकात जमलं. अमेरिकेत एडवर्ड हॉन, उरुग्वेमध्ये रोबेर्तो काल्देइरो-बार्सिया आणि जर्मनीत कॉनराड हामाखर या तिघांची नावं यात घेतली जातात. १९६८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने हामाखर यांच्या कामावर आधारित मशीन बाजारात आणलं. हो, प्रिंटर आणि लॅपटॉपवाली तीच एचपी.

या मशीनला सीटीजी म्हणतात. त्याचे दोन पट्टे दोन वेगळी कामं करतात.

- पहिला सेन्सर: अल्ट्रासाऊंड लहरी पाठवून बाळाच्या हृदयाची हालचाल पकडतो. त्यावरून मिनिटाला किती ठोके ते निघतं. साधारण ११० ते १६० हा आकडा नॉर्मल मानला जातो.
- दुसरा सेन्सर: पोट किती कडक झालं ते ओळखतो. म्हणजे कळ कधी आली, कधी गेली.

दोन्ही रेघा एकाखाली एक छापल्या की डॉक्टर बघतात: कळ आल्यावर ठोके खाली जातात का? किती खाली? कळ संपल्यावर किती वेळात वर येतात? रेघ जिवंत, थोडी खालीवर हलणारी आहे की अगदी सपाट?

आठव्या-नवव्या महिन्यात "एनएसटी करून या" असं सांगतात ना, ती तपासणीही याच मशीनवर होते. फरक एवढाच की तेव्हा कळा सुरू झालेल्या नसतात.

मग अडचण कुठे आहे?

समजा तुमचा फोन गरम झालाय. म्हणजे आत काहीतरी चाललंय एवढं नक्की. पण कुठलं ॲप त्रास देतंय, की नुसता चार्जिंगला लावून गेम खेळल्यामुळे तापलाय, हे हात लावून कळत नाही. सीटीजीचं बरंचसं असंच आहे. ठोके खाली गेले म्हणजे बाळावर ताण आहे. पण तो ताण बाळ आरामात झेलतंय, की मेंदूपर्यंत झळ पोहोचायला लागली आहे, हे ठोक्यांवरून खात्रीने सांगता येत नाही.

हे माझं मत नाही, मोजून बघितलेलं आहे. सतत सीटीजी लावणं आणि ठराविक वेळाने ठोके ऐकणं, यांची तुलना करणारे १३ अभ्यास कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. त्यांत मिळून ३७ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. निष्कर्ष असे:

- सतत सीटीजी लावलेल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. मुळात असे झटके कमीच बाळांना येतात, पण हा फायदा खरा आहे.
- बाळाचा मृत्यू किंवा पुढे होणारा सेरेब्रल पाल्सी हा आजार, यांत ठळक घट दिसली नाही.
- सिझेरियनचं प्रमाण मात्र दीडपटीहून जास्त वाढलं.

म्हणजे मशीन अनेकदा धोक्याची घंटा वाजवतं आणि त्यातल्या बऱ्याच घंटा खोट्या निघतात. डॉक्टरांचीही यात कोंडी होते. पट्टी शंकास्पद दिसत असताना थांबायचं ठरवलं आणि बाळाला काही झालं तर? त्यापेक्षा सिझर केलेलं बरं, असा विचार साहजिक आहे. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिझेरियनचं प्रमाण २१.५ टक्के होतं, खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष मशीनवर टाकता येणार नाही. पण "ठोके कमी झालेत, सही करा" हे वाक्य ऐकलेली कितीतरी कुटुंबं तुमच्या ओळखीत असतील.

चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. पट्टी ठीकठाक वाटते आणि बाळ मात्र त्रासात जन्माला येतं. म्हणून मेंदूकडे थेट बघायची ओढ इतकी जुनी आहे.

ईईजी म्हणजे नेमकं काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. लाखो पेशी एकाच वेळी काम करतात तेव्हा त्या विजेचा अगदी पुसटसा अंश डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. तिथे इलेक्ट्रोड लावला की तो तरंगांच्या रूपात दिसतो. यालाच ईईजी म्हणतात. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाचा ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये तो जगापुढे मांडला.

हा सिग्नल किती बारीक असतो? रिमोटमधल्या पेन्सिल सेलचा व्होल्टेज असतो १.५ व्होल्ट. ईईजीचा तरंग समजा ५० मायक्रोव्होल्टचा आहे. म्हणजे त्या सेलच्या ३० हजाराव्या भागाइतका. हृदयाचा सिग्नल याच्यापेक्षा बराच मोठा असतो. प्रसूतीत हृदय आधी का मोजलं गेलं, याचं एक कारण हेही आहे.

पोटातल्या बाळाचा ईईजी: ८० वर्षांचा प्रवास

१९४२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड लिंडस्ली यांनी आईच्या पोटावर इलेक्ट्रोड लावून गर्भातल्या बाळाच्या हृदयाचे आणि मेंदूचे सिग्नल टिपल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पण बाळाचं डोकं आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये आईची त्वचा, चरबी, स्नायू, गर्भपिशवी आणि गर्भजल एवढं सगळं होतं. शेजारच्या इमारतीतली कुजबूज भिंतीला कान लावून ऐकण्यासारखा प्रकार.

मोठी उडी पडली १९६९ मध्ये. मॉर्टिमर रोझेन आणि जोसेफ सिबेटा यांनी कळा सुरू असताना सलग ईईजी घेता येईल असा इलेक्ट्रोड बनवला. तो थेट बाळाच्या डोक्याच्या त्वचेवर, हलक्या सक्शनने चिकटून राहायचा. १९७० च्या दशकात रोझेन यांच्या गटाने हे तरंग संगणकाकडून वाचून घ्यायचेही प्रयत्न केले. तेव्हाचा संगणक म्हणजे कपाटाएवढा, आणि ताकद तुमच्या फोनच्या पासंगालाही न पुरणारी!

या नोंदींतून एक गोष्ट दिसली, जी वाचून मला फार आवडली. कळा चालू असतानाही निरोगी बाळाचे तरंग नवजात बाळाच्या तरंगांसारखेच दिसतात. त्यात शांत झोप आणि हलकी, चळवळी झोप यांचे टप्पे ओळखता येतात. म्हणजे बाहेर सगळ्यांची धावपळ चाललेली असते आणि बाळ मात्र मध्येमध्ये चक्क झोपा काढत असतं.

मग हे काम मागे का पडलं? सीटीजी लावायला सोपं होतं. ईईजीची पट्टी वाचायला तज्ज्ञ लागायचा, आणि तासन् तास चालणाऱ्या प्रसूतीत कागदाच्या ढिगाऱ्यातून अर्थ काढणं कुणाला परवडणारं नव्हतं. संगणक स्वस्त झाल्यावर विषय पुन्हा वर आला.

इलेक्ट्रोड लावतात कसा आणि गोंगाट कुठून येतो?

बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचा तर दोन अटी आहेत. पाणमोट फुटलेली हवी आणि पिशवीचं तोंड थोडं तरी उघडलेलं हवं. त्यामुळे हे तंत्र गरोदरपणात रोजच्या तपासणीला वापरता येत नाही, ते कळांच्या काळापुरतंच आहे. इलेक्ट्रोड टाळूपासून दूर, डोक्याच्या हाडाच्या भागावर लावतात. तो फक्त सिग्नल ऐकतो, बाळाला करंट देत नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. त्या इलेक्ट्रोडला मेंदूच्या कुजबुजीसोबत हे सगळंही ऐकू येतं:

- बाळाच्या हृदयाचा सिग्नल
- आईच्या हृदयाचा सिग्नल
- गर्भपिशवीच्या आणि आईच्या इतर स्नायूंची वीज
- आई कूस बदलते, जोर लावते तेव्हाचे धक्के
- खोलीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण
- केस आणि बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर यामुळे सैल होणारा संपर्क

तुम्ही कॉलवर नॉइज कॅन्सलेशन वापरता, तसंच काम इथे सॉफ्टवेअरला करायचं असतं. फरक हा की कॉलवर एखादा शब्द गेला तर आपण "काय म्हणालास?" विचारतो. इथे मेंदूचा सिग्नल गोंगाट समजून पुसला गेला, किंवा गोंगाटच मेंदूचा सिग्नल समजला गेला, तर निर्णय चुकतो.

स्पर्श न करता मोजायचाही एक मार्ग आहे. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात एक यंत्र आहे, ज्याच्यावर आई पुढे झुकून बसते आणि १५१ चुंबकीय सेन्सर बाळाच्या मेंदूचं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र टिपतात. पण त्यासाठी बाहेरचे चुंबकीय अडथळे रोखणारी खास खोली लागते आणि स्थिर बसावं लागतं. संशोधनासाठी उत्तम, पण कळा देणाऱ्या बाईसाठी अशक्य.

मेंढ्यांवरचा अभ्यास: मेंदू आधी इशारा देतो?

या विषयात पुन्हा जीव आला तो २०११ च्या एका अभ्यासामुळे. मार्टिन फ्राश आणि सहकाऱ्यांनी तो प्लॉस वन या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मेंढीच्या पोटातल्या, पूर्ण वाढ होत आलेल्या १० पिल्लांच्या मेंदूच्या पृष्ठभागाचे सिग्नल त्यांनी टिपले. मग कळांची नक्कल म्हणून नाळ ठराविक वेळाने दाबायची आणि सोडायची. आधी थोडी, मग जास्त, मग पूर्ण. सोबत रक्ताचा पीएच मोजत राहायचा.

पीएच साधारण ७.२४ असताना, म्हणजे आकडा अजून फारसा भीतिदायक नसताना, मेंदूच्या तरंगांची नेहमीची चाल बदलली. त्यानंतर प्रत्येक वेळी ठोके खाली गेले की मेंदूचे तरंगही त्याच तालात बदलू लागले. हा बदल दहाही पिल्लांत दिसला. आणि तो दिसल्यापासून पीएच ७.० च्या खाली जाईपर्यंत सरासरी ५२ मिनिटं मिळाली.

याचा एक अर्थ असा लावला जातो की ऑक्सिजन कमी पडू लागला की मेंदू स्वतःहून काम कमी करतो. फोन बॅटरी संपत आली की पॉवर सेव्हिंगमध्ये जातो, तसाच हा बचावाचा उपाय. बंद पडण्याआधीचा हा टप्पा पकडता आला, तर डॉक्टरांच्या हातात वेळ राहतो. सिझेरियनची तयारी करायला अर्धा-पाऊण तास मिळणं ही लेबर रूममध्ये फार मोठी गोष्ट आहे. आणि उलट, ठोके खाली जाताहेत पण मेंदू निवांत आहे असं दिसलं, तर घाईचं सिझर टळू शकतं.

पण थांबा. हे वाचून लगेच "क्रांती!" असा फॉरवर्ड पाठवू नका. पिल्लं फक्त १० होती. इलेक्ट्रोड आधीच शस्त्रक्रिया करून बसवलेले होते, त्यामुळे सिग्नल स्वच्छ मिळाला. नाळ माणसांनी ठरवून दाबली होती. खऱ्या प्रसूतीत डोकं दाबलं जातं, आई हलते, इलेक्ट्रोड सरकतो. माणसाच्या बाळांवरही कळांच्या वेळी ईईजी घेतले गेले आहेत, पण ते छोट्या गटांवर. हे यंत्र लावल्यामुळे जास्त बाळं सुखरूप राहतात, असं मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हायचं आहे.

"मोजता येतं" आणि "उपयोग होतो" यांत फरक आहे

माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. नवीन सेन्सर आला की आपल्याला वाटतं, जास्त माहिती म्हणजे जास्त सुरक्षितता. प्रसूतीच्या बाबतीत हा अंदाज तीनदा चुकला आहे.

१. बाळाचा पल्स ऑक्सिमीटर. कोविडमध्ये बोटाला लावायचो तसाच, पण कळांच्या वेळी बाळाच्या गालाशी लागणारा. अमेरिकेत २००० मध्ये त्याला मंजुरी मिळाली. २००६ मध्ये ५,३४१ स्त्रियांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. सिझेरियन कमी झाले नाहीत, बाळांची तब्येतही सुधारली नाही.

२. बाळाच्या ईसीजीचं विश्लेषण. स्टॅन नावाच्या या पद्धतीत ठोक्यांसोबत हृदयाच्या तरंगाचा आकारही तपासतात. युरोपात ती बरीच वापरली गेली. अमेरिकेत ११,१०८ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, निकाल २०१५ मध्ये आला. फरक दिसला नाही.

३. सीटीजी वाचणारं सॉफ्टवेअर. माणसाची नजर चुकते, मग संगणकाला वाचू द्या, अशी कल्पना. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सुमारे ४७ हजार स्त्रियांवर इन्फंट नावाचा अभ्यास झाला, निकाल २०१७ मध्ये आला. संगणकाने इशारे दिले, पण बाळांच्या परिणामांत सुधारणा झाली नाही.

तिन्ही कल्पना कागदावर अगदी पटण्यासारख्या होत्या. तिन्ही यंत्रं काहीतरी खरं मोजत होती. पण इशारा मिळाल्यावर वेळेत योग्य निर्णय होणं, ऑपरेशन थिएटर मोकळं असणं, भूलतज्ज्ञ हजर असणं, हे कुठलाच सेन्सर करून देत नाही. त्यामुळे उद्या "एआय वाचतो बाळाचा मेंदू" अशी जाहिरात आली, तर पहिला प्रश्न हा विचारा: किती स्त्रियांवर तपासलं आणि त्याने बाळांचं काय भलं झालं?

जन्मानंतर मात्र ईईजी रोजच्या वापरात आहे

बाळ जन्मल्यावर गुदमरलेलं असेल, तर नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ईईजीचं सोपं रूप वापरतात. त्याला एईईजी म्हणतात. काही मोजके इलेक्ट्रोड लावून अनेक तासांचे तरंग दाबून एका छोट्या पट्ट्यात दाखवले जातात, म्हणजे मेंदू जागा होतोय की सुस्तच आहे हे एका नजरेत कळतं. बाहेरून न दिसणारे झटकेही त्यात सापडू शकतात.

अशा काही बाळांना जन्मानंतर ६ तासांच्या आत थंड करून, शरीराचं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस ठेवून ७२ तास उपचार देतात. श्रीमंत देशांत याचा फायदा सिद्ध झाला आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर झालेल्या हेलिक्स अभ्यासात, २०२१ मध्ये, उलट चित्र दिसलं. थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त होते. म्हणजे तिकडे चाललं ते इकडे जसंच्या तसं चालेलच असं नाही. उद्या प्रसूतीतलं ईईजी आलं, तरी ते आपल्याकडच्या आयांवर आणि बाळांवर वेगळं तपासावं लागेल.

फोनवर काय करता येतं, काय नाही?

मोबाईलला जोडून चालणारी एनएसटी यंत्रं आपल्याकडे आहेत. मुंबईच्या केअरएनएक्स कंपनीचं फीटोसेन्स हे त्यातलं एक. मोठ्या मशीनऐवजी छोटा सेन्सर, आलेख फोनवर आणि रिपोर्ट दूर बसलेल्या डॉक्टरांकडे. जिथे तज्ज्ञ नाही अशा ठिकाणी याचा उपयोग आहे. पण लक्षात घ्या, अशी यंत्रं ठोकेच मोजतात, मेंदू नाही.

"फोनच्या माइकवर बाळाचे ठोके ऐका" अशा ॲपवर मात्र विसंबू नका. घरी मागवलेला डॉपलरही धोक्याचा ठरू शकतो. त्यात आईची स्वतःची नाडी किंवा वारेतला रक्ताचा आवाज ऐकू येतो आणि घरच्यांना वाटतं बाळ ठीक आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्येच हौसेखातर असे डॉपलर वापरू नका असं सांगितलं आहे. बाळाची हालचाल कमी वाटली तर ॲप उघडत बसू नका, थेट दवाखाना गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

नेहमी पडणारे प्रश्न

आमच्या दवाखान्यात सीटीजी सतत लावत नाहीत. हा निष्काळजीपणा आहे का?
नाही. आई निरोगी असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या असतील, तर जागतिक आरोग्य संघटना सतत सीटीजीची शिफारस करत नाही. ठराविक वेळाने ठोके ऐकणं पुरतं. पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर लावायच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी. ते खरंच ऐकलं जातंय ना, हे महत्त्वाचं. बीपी, डायबिटीस, बाळाची वाढ कमी किंवा कळांसाठी सलाईनमधून औषध चालू असेल, तर सतत मॉनिटर लावायची गरज पडू शकते.

ठोके कमी झाले म्हणजे लगेच सिझर?
दर वेळी नाही. डॉक्टर आधी आईला कुशीवर वळवतात, कळांचं औषध कमी किंवा बंद करतात, आईचं बीपी बघतात. अनेकदा ठोके सुधारतात. ठोके खालीच राहिले तर मात्र मिनिटं मोजकी असतात.

डॉक्टरांना काय विचारावं?
हे प्रश्न नवव्या महिन्यातल्या तपासणीला विचारा, ऐन कळांमध्ये नको. "ठोके कसे आणि किती वेळाने तपासता? पट्टी शंकास्पद आली तर आधी काय करता? रात्री अचानक सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? बाळांचे डॉक्टर हजर असतात का?" आणि ऐन वेळी डॉक्टर "आत्ता घ्यावं लागेल" म्हणाले, तर या लेखाचा दाखला देऊन वाद घालू नका. समोरचं बाळ ते बघताहेत, आपण नाही.

मग प्रसूतीतलं ईईजी कधी येईल?
तारीख सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इलेक्ट्रोड न सरकणारा हवा, गोंगाट वेगळा करणारं सॉफ्टवेअर भरवशाचं हवं, आणि हजारो स्त्रियांवरच्या अभ्यासात बाळांचा फायदा दिसायला हवा. या तिन्ही गोष्टी जमल्या, की त्या कागदी पट्टीवर ठोके आणि कळा यांच्या जोडीला मेंदूची तिसरी रेघ दिसेल. तोवर दर काही मिनिटांनी येऊन ठोके ऐकणारी, आईचा हात धरून "कूस बदल गं जरा" म्हणणारी सिस्टरच लेबर रूममधली सगळ्यात भरवशाची मॉनिटर आहे.

घरात किंवा मैत्रिणींमध्ये कुणाचे दिवस भरत आले असतील, तर त्या घरातल्या नवरोबांना आणि सासूबाईंनाही हा लेख वाचायला द्या. दवाखान्यात प्रश्न विचारायची वेळ बहुतेक त्यांच्यावरच येते.